दहा मिनिटांचं पॉलिश

देवाजीकाका, काल सायत्राकाकूंचे दात साफ केले. दहा मिनिटं लागली. आपल्या तुमसरच्या दवाखान्यातल्या त्याच खुर्चीत, जिचा खालचा खटका अडकला की तुम्ही टाचेनं एक ठोसा द्यायचे आणि ती निमूट वर यायची. काल पुन्हा अडकली. मी दोन ठोसे दिले, ढिम्म हलली नाही. शेवटी काकूंनाच म्हटलं, थोडं वर सरका.

तुम्हाला जाऊन सव्वा महिना होत आला. तेरवीला सगळे तुमच्याबद्दल बोलले. डॉक्टरसाहेब बोलले, मेडिकलवाला बोलला, तलावावरची तुमची माणसं बोलली. मी तेवढी बोलले नाही. माझ्यासारखी बडबडी बाई गप्प बसली म्हणून लोकांना वाटलं, पोरीला फार लागलं. लागलं होतंच. पण खरं सांगू? त्या दिवशीसुद्धा मी तुमच्यावर रागावलेली होते. माणूस जातो आणि त्याच्यावरचा राग मागे राहतो, असं कसं हो होतं? तो राग चुकीचा होता हे मला कळलं, तोवर तुम्ही ऐकायला नव्हता. म्हणून लिहायला बसले.

मी नागपूरहून हायजिनिस्टचा डिप्लोमा घेऊन आले तेव्हा तुम्ही दवाखान्यात जुने झाला होता. दात काढणं-भरणं डॉक्टरांकडे. दात खरवडून स्वच्छ करणं आणि पॉलिश करणं माझ्याकडे. आणि दाराजवळच्या स्टुलावर बसून नंबर पुकारणं, हत्यारं वाफवायला लावणं, घाबरलेल्या म्हाताऱ्यांना बोलतं करणं तुमच्याकडे. पहिल्याच सकाळी तुम्ही उठून उभे राहिलात आणि म्हणालात, "जय भीम, ताई." मी चकित. तुम्ही करडी गावचे ढिवर, तलावात मासे धरणारे, माझं नावही अजून कुणी सांगितलं नव्हतं. "तुमच्या बाबूजीले ओळखतो ना जी. पोस्टात होते तवा आमच्या ढिवरटोलीच्या चिठ्ठ्या तेच वाचून देत." त्यानंतर एकही सकाळ तुमच्या 'जय भीम'शिवाय गेली नाही. मी उशिरा आले तरी तुम्ही आधी ते म्हणायचे आणि मग घड्याळाकडे पाहायचे.

मला हाताला धरून शिकवणारं कुणी नव्हतं. कॉलेजात प्लास्टिकच्या जबड्यावर हात बसला होता, जिवंत माणसानं आ केला की बोटं थरथरायची. जीभ मध्ये येते, थूक साचते, माणूस डोळे वटारून पाहतो. तुम्ही दोन दिवस हे पाहिलंत आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, पेशंट नव्हते तेव्हा, स्वतःच खुर्चीत जाऊन आडवे झालात.

"घ्या. माह्यावर शिका. माहे दात तसेबी कामातून गेले हायेत."

तुम्ही आ केलात आणि माझ्या तोंडून निघालं, अगं बाई! खालच्या दातांची आतली बाजू काळीकुळकुळीत, आणि डाव्या गालाकडे तर नुसता थर. खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात. "डाव्या बाजूला धरता ना?" मी विचारलं.

"अरे बाप्पा! दात पाहून समजते?"

"सगळं समजतं," मी म्हटलं. केवढी ऐट होती माझी! डिप्लोमा अजून कोरा करकरीत.

तीन दुपारी लागल्या. आधी मशीननं थर फोडला, मग आकडीनं उरलंसुरलं खरवडलं, मग पॉलिश. पॉलिश म्हणजे फिरत्या रबरी कपात जरा पेस्ट घ्यायची आणि दातावरून हलक्या हातानं फिरवत न्यायची. एका जागी थांबलं की दात तापतो. मी थांबले. तुम्ही खुर्चीतून हातभर उडालात. मग ठरलं, गरम लागलं की डावा हात वर करायचा. पहिल्या दुपारी तुमचा हात खाली आलाच नाही. तिसऱ्या दुपारी तुम्ही तोंडातला कापूस काढून म्हणालात, "ताई, जाळ्यातून बारीक मासळी सोडवतो ना आमी, तसा हात ठेवा. दाबलं का मेली." अख्ख्या कॉलेजात 'हलका दाब' म्हणजे काय हे मला कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. आजही कप दातावर टेकवताना मला ती मासळी आठवते.

त्याच तिसऱ्या दुपारी तुमच्या डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. मी डॉक्टरांना हाक मारली, त्यांनी तुम्हाला नागपूरला पाठवलं. रिपोर्ट चांगला आला, पण डॉक्टर म्हणाले, खर्रा सुटला नाही तर पुढचा रिपोर्ट चांगला येईलच असं नाही. आणि मग मी तुमच्यावर जी तुटून पडले! काय काय बोलले, आठवतं ना? तुमचा गाल कापतील, जेवण नळीनं द्यावं लागेल, काकूंना तुमच्याकडे बघवणार नाही. तुम्ही ऐकून घेतलंत. खिशातली पन्नी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकलीत. "तलावाची आन, ताई. आता तोंडात घेनार नाही." दुसऱ्या दिवसापासून तुमच्या खिशात भाजलेले चिंचोके आले. दिवसभर कटकट आवाज. मी म्हणायची, काका, एखादा दात मोडेल, आणि तुम्ही म्हणायचे, मोडला तं तुमी हायेतच.

मग तुम्ही दवाखान्याची जिवंत जाहिरात झालात. कोणी खर्रेवाला आला की स्टुलावरून उठून त्याच्यासमोर ओठ वर करून दात दाखवायचे. "हे पाय. आयुष्यभराचा खर्रा होता याच्यावर. आमच्या ताईनं काढला. सोडशीन तं तुहाबी निंघन." मी लाजायची. आतून फुगायचीही.

आपला तो खेळ आठवतो? पेशंट आत यायच्या आधी डाग ओळखायचा, हरेल त्यानं चहा आणायचा. मी चेहऱ्यावरून, कपड्यांवरून तर्क करायची. तुम्ही फक्त विचारायचे, "कोन्या गावचे जी?" आणि झालं. बोअरच्या पाण्याच्या गावचे आले की म्हणायचे, पाण्याचा डाग, घासून जानार नाही. बाळंतपणानंतरची बाई आली की म्हणायचे, ताकदीच्या गोळ्यायनं काळे झाले असन. मिलवाला आला की, चहा अना खर्रा, दोनी. दहातले आठ चहा मीच आणले. डाग माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळायचे, काका. माझ्याकडे पुस्तक होतं, तुमच्याकडे माणसं होती.

ती मुलगी विसरले नाही मी. पाहुणे बघायला येणार होते, म्हणून आईनं आणली होती. दातांवर खडूसारखे पांढरे चट्टे, त्यात पिवळट रेघा. आई म्हणत होती, घासत नाही नीट, आळशी आहे. मुलगी खाली मान घालून. मी आई-मुलीला 'फ्लोराइड' आणि 'एनॅमल' सांगत बसले, त्यांच्या डोक्यावरून गेलं. तुम्ही ट्रे घेऊन आत आलात, एक नजर टाकलीत आणि म्हणालात, "हे तुह्या गावच्या बोअरचं पानी हाय, माय. तुही काई चूक नाही. घासून घासून हात दुखवू नोको." ती मुलगी रडायलाच लागली. मी त्या दिवशी न हरताच चहा आणला.

म्हणजे बघा, हे मी तुमच्याकडूनच शिकायला हवं होतं. डाग पाहिला की आधी विचारावं, कुठून आला. कुणाची चूक, ते नंतर.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तुमची खालची दाढ काढावी लागली. हिरडी सुजली होती, म्हणून डॉक्टरांनी गुळण्यांचं औषध द्यायला सांगितलं. ते मीच दिलं. प्रत्येक पेशंटच्या बाटलीवर मी पट्टी चिकटवते: सकाळ-संध्याकाळ, इतकं औषध, इतकं पाणी, पंधरा दिवस, मग बंद. 'मग बंद' खाली दोन रेघा. तुमच्या बाटलीवर मी लिहिलं, "देवाजीकाका, सकाळ-सांज गुळण्या", आणि खाली एक हसरा चेहरा काढला. झालं. घरच्या माणसाला कोण एवढी चिठ्ठी लिहितं? तुम्ही तर दवाखान्यातलेच, तुम्हाला काय सांगायचं?

पंधरा दिवसांनी जखम बघायला तुम्हाला बसवलं, तेव्हा गालातला पांढरा चट्टा पार गेलेला दिसला. खर्रा सोडून वर्ष होत आलं होतं, जाणारच होता तो. मी आनंदानं ओरडले, "वा काका, साफ गेला!" तुम्ही आरशात पुन्हा पुन्हा गाल ओढून पाहिलात. का गेला हे मी सांगितलं नाही. बाटली बंद करा, हेही सांगितलं नाही.

आता तो बाजाराचा दिवस. दिवाळी झाली होती. बाहेर बाकं भरलेली, दोघं-तिघं उभे. सिहोऱ्याच्या एका तरुणाला तुम्ही नेहमीसारखे दात दाखवत होता. मी पेशंट सोडायला बाहेर आले, तुमच्या तोंडावर दारातलं ऊन पडलं होतं, आणि मला समोरच्या दातांच्या फटींत, हिरडीच्या कडेला तपकिरी रेघा दिसल्या. माझं डोकंच फिरलं. वर्षभर मी ज्या दातांवर मिरवत होते ते दात!

"काका, दाखवू नका. परत सुरू केलंय तुम्ही."

लोक हसले. तुम्हीसुद्धा आधी हसलात, मला वाटतं तुम्हाला थट्टा वाटली. मग माझा चेहरा पाहिलात.

"नाही ताई. तलावाची आन."

"आन घेऊ नका. दात दिसून राहिले ना मला."

"मी तं रोज गुळण्या करतो जी. सकाळ-सांज."

"गुळण्या केल्यानं खोटं धुतलं जात नाही, काका."

उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळ्यांसमोर. तो सिहोऱ्याचा तरुण तुमच्याकडे पाहून असा हसला, की बघा, हेच आम्हाला सांगतात! तुम्ही स्टुलावर बसलात आणि पुढचा नंबर पुकारलात. आवाज बारीक झाला होता, तो माणूस उठलाच नाही, पुन्हा पुकारावा लागला.

तुम्ही सांगितलं होतं, काका. गुळण्या करतो म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. मला वाटलं, मिठाच्या पाण्याच्या असतील. विचारलं नाही. खर्ऱ्याचा डाग जिथं खर्रा धरतात तिथं बसतो, आतल्या बाजूला, एका गालाकडे. तुमच्या दातांवरचा डाग दोन्हीकडे सारखा होता, समोरून, फटीफटीत. गुळण्यांचं औषध लांबलं आणि त्याचा डाग बसला, की जिभेचा मागचा भागही तपकिरी पडतो. मी जीभ पाहिली नाही. हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत लिहून आले होते. दुसऱ्या कुणाच्या तोंडात असतं तर अर्ध्या मिनिटात ओळखलं असतं. पण तुमच्या बाबतीत मला डाग दिसला नाही, दगा दिसला.

संध्याकाळी सगळे गेल्यावर तुम्ही आत आलात. "ताई, एकवार मशीन फिरवून देता का? मंग पाहून घ्या, परत येते का नाही ते."

"आधी कबूल करा. मग पॉलिश."

"काहून कबूल करू? खाल्लाच नाही तं."

"मग राहू द्या तसेच."

दहा मिनिटांचं काम होतं, काका. तो डाग इतका वरवरचा असतो की रबरी कप फिरवला की निघतो, खरवडावंही लागत नाही. निघतानाच मला कळलं असतं. मी हटून बसले. आणि एवढ्यावर थांबले असते तर मी कसली! घरी जाऊन काकूंना फोन केला. म्हटलं, काकू, काकांनी खर्रा पुन्हा धरला आहे, खिसे पाहत जा.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मास्क लावून बसू लागलात. करोना संपून किती काळ झाला होता, दवाखान्यात आत आम्हीच लावायचो. तुम्ही दारात बसून लावायचे. "जय भीम, ताई" चुकलं नाही, मास्कमधून यायचं. मी "जय भीम" म्हणायची आणि आत जायची. दात दाखवणं बंद. चहाचा खेळ बंद. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? डॉक्टरांनी एकदा विचारलं, काय चाललंय तुमचं, तर आपण दोघंही एका सुरात म्हणालो, काही नाही.

मध्ये एकदा तुम्ही उकडलेले शिंगाडे आणले, तलावातले, पिशवीभर. सोलून सोलून बोटं काळी झाली होती. माझ्यापुढे हात धरलेत. "पाहा ताई. हात काळे हायेत. शिंगाडे सोलले म्हनून. चोरी केली म्हनून नाही." मी पिशवी घेतली, शिंगाडे खाल्लेसुद्धा, आणि तुम्हाला म्हटलं, हाताचं मी काही म्हटलंच नाही. इतकी नीच होऊ शकते मी. तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं स्टूल उचलून माझ्या डोक्यात घातलं असतं.

मग तो फोन. सकाळी चहा पिऊन तुम्ही अंगणात जाळं झाडत होता आणि बसल्या जागी आडवे झालात. डॉक्टरसाहेबांच्या गाडीतून आम्ही करडीला आलो. तुम्हाला अंगणात ठेवलं होतं, अंगावर पांढरं कापड, तोंड जरासं उघडं. आता जे लिहिते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. काकू माझ्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि त्यांच्या खांद्यावरून मी तुमचे दात पाहत होते. रेघा तशाच होत्या. उलट वाढल्या होत्या. आणि माझ्या मनात आलं, म्हणजे शेवटपर्यंत खातच राहिले. तुमच्या प्रेतापाशी उभं राहून मी हा विचार केला, काका. तसंच तुम्हाला नेलं. तोच डाग घेऊन.

गेल्या आठवड्यात तुमच्या वस्तू घेऊन मी करडीला गेले. स्टुलामागच्या खणातला चष्मा, दुपट्टा आणि चिंचोक्यांचा तो पत्र्याचा डबा. काकूंनी डबा हलवला. कट्कट् आवाज आला आणि त्या रडता रडता हसल्या. "माय वो, अजून भरलाच हाय!" त्या हसल्या आणि मला त्यांचे दात दिसले. फटींत तपकिरी रेघा. हिरडीच्या कडेला. दोन्हीकडे सारख्या.

काकूंनी आयुष्यात खर्रा शिवला नाही. तुम्हीच सांगायचे, आमची सायत्रा तं सुपारीलेबी नाही म्हनते.

मी त्यांना हाताला धरून अंगणात उन्हात आणलं. "काकू, जीभ काढा." जीभ मागे तपकिरी. "काय घेता तोंडात?"

"काई नाही वो ताई. त्यायचं औषध उरलं व्हतं. दोन बाटल्या तं फोडल्याबी नव्हत्या. फेकवलं नाही, म्हनून मीच करते गुळण्या. सकाळ-सांज."

आत ताकावर, म्हणजे भिंतीतल्या फळीवर, बाटल्या ओळीनं. धुऊन ठेवलेल्या. एकीत वांग्याचं बी, एकीत मेथी. टोकाच्या बाटलीवर माझी पट्टी. पिवळी पडली होती, पण अक्षर माझंच. "देवाजीकाका, सकाळ-सांज गुळण्या." हसरा चेहरा. दिवसांचा पत्ता नाही. 'मग बंद' नाही.

"बंद काहून नाही केलं त्यायनं?" मी विचारलं. माझ्या तोंडून तुमचीच बोली निघाली.

"त्यायले वाटे, गालातला डाग याच्यानंच बरा झाला. बंद केलं तं परत येईन. लई भेव घेतलं व्हतं जी त्यायनं. तुमाले सांगाले लाजत. दवाखान्यातून फुकट नाही आनली कवा, मेडिकलमधून घेत, जुनी बाटली दाखवून."

ते भेव मीच घातलं होतं. गाल कापतील म्हणून.

मी तिथंच जमिनीवर बसले आणि काकूंना सगळं सांगितलं. हे औषध जास्त दिवस घेतलं की दात असेच होतात, काकांनी खर्रा खाल्ला नव्हता, मी चुकले. काकूंनी डबा मांडीवर घेतला. डब्याचं झाकण उघडत होत्या, लावत होत्या. मग म्हणाल्या, "तुमचा फोन आला तवापासून मी त्यायचे खिसे पाहिले. तोंडाचा वास घेतला. आठ दिस बोलली नाही त्यायच्याशी. ते म्हनत, मी खाल्ला नाही सायत्रे, पन ताई शिकलेली हाय, तिले दिसलं असन तं काईतरी असनच. एक दिस मले इचारते, 'झोपेत तं खात नसन ना मी?'"

झोपेत तर खात नसेन ना! काका, हे तुम्ही मला का नाही हो विचारलं? चिडायचं होतं. भांडायचं होतं. माझा हात धरून उन्हात ओढायचं होतं मला, मी काकूंना ओढलं तसं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि स्वतःवरचा सोडलात. आणि मी? मी तुमच्या आनेवरही ठेवला नाही. या एका गोष्टीसाठी मला तुमच्यावर अजून राग आहे आणि तो राहू दे.

काल काकू एकट्याच एसटीनं आल्या. आत येऊन खुर्चीत आडव्या झाल्या, तुम्ही झाला होता तशाच. "काढा," म्हणाल्या. मी कपात पेस्ट घेतली. मासळी सोडवण्याचा हात. समोरचे दात, फटी, आतली बाजू. गरम लागलं तर हात वर करा म्हटलं, त्यांनी केला नाही. रेघ निघत गेली. दहा मिनिटं. आरसा दिला. काकूंनी दात पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे त्यायचेबी असेच निंघाले असते."

"हो."

"ते खरं बोलत व्हते."

"हो काकू."

त्या खुर्चीतून उतरल्या, पदर सारखा केला आणि दाराकडे बोट दाखवलं. "मंग भायेर चाला. एकवार जोरानं सांगा. तवा जोरानं सांगतलं व्हतं ना."

बाहेर सात-आठ माणसं बसली होती. तुमचं स्टूल दाराजवळच आहे, त्यावर आता नंबरांची वही ठेवतात. मी तिथं उभी राहिले. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. म्हटलं, "देवाजीकाकांनी खर्रा सोडला होता. शेवटपर्यंत सोडला होता. त्यांच्या दातांवरचा डाग आमच्या औषधाचा होता. मी सगळ्यांसमोर त्यांना खोटं ठरवलं. ते खोटं बोलले नव्हते."

सगळे माझ्याकडे पाहत राहिले. त्या बाजाराच्या दिवशीचा एकही चेहरा त्यांत नव्हता. ते सगळे कुठल्या कुठल्या गावांत तुम्हाला खोटं समजून बसले आहेत, त्यांना मी आता कुठे शोधू? बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं कानामागे हात नेत विचारलं, "कोन देवाजी?"

मग मी सांगितलं. नंबर पुकारायला कुणी नव्हतं आणि कुणी घाईही केली नाही. चिठ्ठ्या वाचणाऱ्या बाबूजींपासून सांगितलं. तीन दुपारी, वर केलेला डावा हात, बोअरच्या पाण्याची मुलगी, चिंचोके, बाटली. मी चुकले तिथं काकू दुरुस्त करत होत्या. चिंचोके भाजलेले नव्हते म्हणे सुरुवातीला, कच्चेच खात होता तुम्ही. म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं. खिशातून काढलेली खर्ऱ्याची पन्नी त्याच्या हातात तशीच होती, ती काही त्यानं टाकली नाही. फक्त म्हणाला, "मंग हे त्यायले सांगतलं का नाही तुमी, ताई?"

पुढचा नंबर त्याचाच होता, त्याला आत घेतलं.

आज सकाळी दार उघडलं, स्टुलावरची वही उचलून बाजूला ठेवली आणि आधी मीच म्हटलं. जय भीम, काका. तुम्ही खाल्ला नव्हता.